काकाजींचे रविवारचे पाहुणे

काकाजींनी एकदा बडनेरा स्टेशनावरून भलताच माणूस उचलून आणला होता. त्या रविवारी आमच्या क्लबात नागपूरचे एक इतिहासाचे प्राध्यापक बोलणार होते, आणि त्यांना गाडीवरून उतरवून घ्यायचं काम नेहमीप्रमाणे काकाजींकडे होतं. पांढरा कोट आणि हातात चामडी बॅग, असा एक तरुण गृहस्थ गाडीतून उतरून कोणाला तरी शोधत उभा दिसला. काकाजी त्याच्यासमोर जाऊन म्हणाले, "चला जी, सारे वाट पाहून राहिले." गृहस्थ लाजल्यासारखा हसला आणि मुकाट्याने जीपमध्ये येऊन बसला.

जेवताना आमच्या मंडळींनी त्याची विचारपूस केली. नोकरी कशी चालली आहे, घरी कोण कोण असतं, भाऊ काय करतात. तो मान खाली घालून सगळ्यांना उत्तरं देत होता. एवढा विद्वान माणूस आणि किती विनयशील, असं आमचे अध्यक्ष माझ्या कानात म्हणालेसुद्धा. जेवणं आटोपली. अध्यक्ष उठले आणि आता पाहुणे आपल्याला भोसल्यांच्या काळच्या वऱ्हाडाविषयी चार गोष्टी सांगतील, असं म्हणून खाली बसले. गृहस्थाच्या तोंडचं पाणी पळालं. तो उभा राहिला, त्याने घाम पुसला आणि म्हणाला, "मला वाटलं, आता मुलगी दाखवणार."

तो वर्ध्याहून अमरावतीला मुलगी पाहायला आला होता. मुलीकडची माणसं त्याला घ्यायला स्टेशनावर आली होती, पण ती फलाटाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. आम्हालाच तो मुलीचे काका-मामा समजला होता. आणि खरे प्राध्यापक बडनेऱ्याच्या बाकावर पेपर वाचत बसले होते.

दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. काकाजींनी त्या पोराला विचारलं, बाबा, तू करतोस काय? तो टपाल खात्यात होता. "मंग टपालाचंच सांगा," काकाजी म्हणाले. बिचारा आधी चाचरला. मग अर्धवट पत्त्यांची पत्रं खात्यातले लोक कशी पोचवतात, ते सांगायला लागला आणि त्यात रंगून गेला. आम्ही पोट धरून हसलो. नंतर काकाजी त्याला स्वतः मुलीच्या घरी घेऊन गेले. तिथे एव्हाना रडारड व्हायची बाकी होती. मुलीच्या वडिलांना त्यांनी एवढंच सांगितलं, "पोरगा चांगला हाय. घाबरला, पण पळून नाही गेला." लग्न जमलं. प्राध्यापक मात्र पुन्हा कधी आमच्याकडे आले नाहीत.

ही एकोणीसशे साठच्या आगेमागेची गोष्ट. काकाजींचं अमरावतीच्या कापूस बाजाराजवळ तेलाच्या इंजिनांचं आणि पंपांचं दुकान होतं. त्यांच्या समोरच माझं चष्म्याचं दुकान. क्लब म्हणजे शहरातले वकील, डॉक्टर, अडते, जिनिंगवाले यांनी मिळून चालवलेली सेवाभावी संस्था. शाळांना बाकं द्यायची, उन्हाळ्यात पाणपोया घालायच्या, डोळ्यांची शिबिरं भरवायची. त्या शिबिरांमुळेच मला आत घेतलं. जो धंदा क्लबात नाही त्याच धंद्याचा नवा सभासद घ्यायचा, असा तिथला नियम होता. चष्मेवाला त्यांच्याकडे नव्हता आणि इंजिनवालाही नव्हता. दर रविवारी दुपारी एका जिनिंगवाल्याच्या बंगल्यामागच्या हॉलमध्ये आम्ही एकत्र जेवायचो आणि जेवणानंतर बाहेरचा एक पाहुणा अर्धा तास बोलायचा.

हा पाहुणा मिळवणं म्हणजे डोकेदुखी. बोलावलेले लोक येत नसत, आलेले थांबत नसत, आणि काही तर सुरूच होत नसत. म्हणून ते काम कोणालाच नको होतं, ते काकाजींच्या गळ्यात पडलं. त्यांनी मात्र ते लेकीचं लग्न काढल्यासारखं अंगावर घेतलं.

काकाजी वलगावकडच्या शेतकरी घराण्यातले. धिप्पाड, काळेसावळे, मिशा पांढऱ्या, अंगात धोतरावर खाकी शर्ट, आणि हात कितीही धुतले तरी त्यांना डिझेलचा वास. क्लबातले बाकीचे लोक सभेत ठेवणीतलं मराठी बोलायचे, मध्येच इंग्रजी. काकाजी घरी, दुकानात आणि सभेत एकच भाषा बोलत. लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप त्यांनी घेतली होती, आणि इंजिनं बसवायला ते तिच्यातून वरूड, मोर्शी, पार शेंदूरजनाघाटापर्यंत संत्र्यांच्या बागा पालथ्या घालत. वक्ते त्यांना तिथेच सापडत. विहिरीच्या काठावर, चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या रांगेत. माणूस बोलताना आवडला की ते त्याला विचारत, "तुमाले काय येते?"

हा प्रश्न पुष्कळांना लागायचा. एका मोठ्या हुद्द्याच्या साहेबांनी सांगितलं की ते कोणत्याही विषयावर बोलू शकतात, विषय क्लबाने द्यावा. काकाजी त्यांचा चहा पिऊन परत आले. मी विचारलं, ठरलं का? तर म्हणाले, "ज्याले कोणताबी विषय चालते, त्याच्यापाशी सांगाले काही नसते."

त्यांनी आणलेली माणसं मला अजून आठवतात. बाळापूरचे एक उर्दूचे मास्तर आले होते, त्यांनी शेर कसा ऐकायचा, दाद कुठे द्यायची आणि कुठे गप्प बसायचं, ते शिकवलं. शेंदूरजनाघाटचा एक व्यापारी आला, तो संत्री दिल्लीला धाडताना पेट्यांत गवत कसं भरतात ते सांगता सांगता आपल्या भावाशी झालेल्या भांडणावर घसरला आणि शेवटी रडला. गावात सर्कस उतरली तेव्हा काकाजी तिच्या मॅनेजरला घेऊन आले. त्यांची ओळख करून द्यायची पद्धत अशी की ती एका दमात संपायची. "हे सर्कशीचे मॅनेजर. ह्यायचा वाघ म्हातारा झाला. ऐका." झालं. मॅनेजर म्हाताऱ्या वाघाबद्दलच बोलला, आणि आम्ही सगळे त्या वाघाच्या काळजीत घरी गेलो.

अर्ध्या तासाच्या बाबतीत ते कोणाची गय करत नसत. वक्त्याच्या मागे खुर्ची टाकून बसायचे आणि वेळ झाली की त्याचा कोट किंवा सदरा मागून ओढायचे. "टाइम झाला जी." एकदा राजकारणातले एक बडे पाहुणे होते, देशाच्या प्रगतीत रंगले होते. काकाजींनी त्यांचाही सदरा ओढला. पाहुण्यांनी मागे वळून पाहिलं, वाक्य अर्धवट सोडलं आणि खाली बसले. अध्यक्षांनी नंतर काकाजींना बाजूला घेऊन समजावलं की माणूस पाहून वागावं. काकाजी म्हणाले, राग आला तर आला, लोकांनाही घरी जायचं असतं.

त्यांचा हा फटकळपणा नेहमीच गोड होता असं नाही. भाषण कसं झालं, असं वक्त्याने विचारलं तर ते खरं सांगत. एका हौशी डॉक्टरांना त्यांनी सांगितलं होतं, "भाषण वाईट झालं. माणूस तुमी चांगले आहा." डॉक्टर दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणत की हे साऱ्या जिल्ह्याला बोलायला लावतात आणि घरी कोणाला बोलू देत नाहीत. पण काकाजींना खोटं बोलता येत नव्हतं, हे खरं. दुकानात गिऱ्हाईकाला ते स्वतःच सांगत, हा पंप तुमच्या विहिरीला चालणार नाही, घेऊ नका.

मला त्यांची जी गोष्ट सांगायची आहे, ती एका उन्हाळ्यातली आहे.

वरूडच्या बाजूला एका तलावाचं काम चाललं होतं. मातीचा बांध नवा घातलेला आणि त्यातून पाणी झिरपत होतं. ते उपसायला काकाजींचा पंप मागवला होता. तिथे त्यांना एक तरुण ओव्हरसियर भेटला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो चिखलात उभा होता, आणि पंप चालू झाला तरी बाहेर येईना. पाणी कुठून येतंय ते मला दिसायला हवं, म्हणत होता. काकाजींना तो आवडला. दुपारी झाडाखाली त्यांनी त्याला आपला प्रश्न विचारला.

हा मुलगा मूळचा बाळापूर तालुक्यातला. छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं घर. वडील मजुरी करत, याने शिष्यवृत्तीवर डिप्लोमा केला होता आणि बायकोला घेऊन वलगाव रस्त्यावरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होता. तो काकाजींना म्हणाला की मला याआधीही एकदोन ठिकाणी बोलावलं होतं, पण सगळ्यांना माझ्याकडून एकच ऐकायचं असतं. धर्म का बदलला, आणि लहानपणी काय काय सोसलं. ते मी आमच्या लोकांत बोलतो. तुमच्या क्लबात बोलायचं झालं तर मला मातीच्या बांधावर बोलायचं आहे.

"मंग बांधावर बोला," काकाजी म्हणाले.

त्यांनी रविवार ठरवला आणि नेहमीसारखं अध्यक्षांना कळवलं. दोन दिवसांनी अध्यक्ष दुकानात आले. मी तेव्हा तिथेच बसलो होतो. उन्हात गिऱ्हाईक नसलं की मी समोर जाऊन बसायचो. अध्यक्ष कापसाचे अडते, स्वभावाने सज्जन, कोणाला दुखवणं त्यांना जमत नसे. त्यांनी इंजिनांचे भाव विचारले, पाणी प्याले, आणि मग विषय काढला. त्यांचं स्वतःचं काही नव्हतं. पण जुन्या सभासदांपैकी तिघाचौघांनी, विशेषतः वकीलसाहेबांनी, नाराजी कळवली होती. भाषणाला त्यांची हरकत नव्हती. प्रश्न एका टेबलावर जेवायचा होता. तेव्हा या रविवारी जेवणाऐवजी नुसता चहा ठेवावा. उन्हाचे दिवस आहेत, कोणाच्या लक्षातही येणार नाही.

मला वाटलं, काकाजी आता त्यांना दुकानाबाहेर काढतात. ते चिंधीने हात पुसत होते, पुसतच राहिले.

"ठीक हाय," ते म्हणाले. "चहा ठेवा. पण तो मले विचारीन, काकाजी, जेवण काहून नाही? मले तं खरंच सांगा लागन. तवा तुमचं नाव सांगू, का वकीलसाहेबाचं?"

अध्यक्ष म्हणाले की नावं कशाला घ्यायची.

"मंग माहंच घेतो. सांगतो त्याले, का मी तुले बलावलं आन् मले तुले जेवू घालता नाही आलं."

अध्यक्षांनी आणखी पाणी मागितलं. जाताना बघतो म्हणाले, आणि काय बघणार ते सांगितलं नाही.

त्यानंतरचे दिवस काकाजींचे वाईट गेले. मी त्यांना कधी काळजी करताना पाहिलं नव्हतं. आता ते गिऱ्हाईकाशी बोलता बोलता थांबायचे. जेवण ठेवायचं ठरलं असा निरोप आला, पण त्याच्याबरोबर हीही बातमी आली की वकीलसाहेब येणार नाहीत, आणि त्यांचं पाहून आणखी पुष्कळजण येणार नाहीत. रिकाम्या खुर्च्यांसमोर त्या पोराला उभं करायचं, हे काकाजींना सहन होत नव्हतं. मला ते म्हणाले की घरी बोलावलेल्या माणसाचा अपमान झाला, तर तो कोणी केला हे महत्त्वाचं नसतं, तो आपल्या उंबऱ्याच्या आत झाला हे महत्त्वाचं.

शुक्रवारी संध्याकाळी दुकान लवकर बंद करून ते वलगाव रस्त्याला निघाले. मलाही बरोबर घेतलं. क्वार्टरच्या अंगणात ओव्हरसियरने आम्हाला बाज टाकून दिली. काकाजींनी पाण्याचा घोटही न घेता सगळं सांगून टाकलं. कोण काय म्हणालं, चहाचं काय ठरत होतं, किती खुर्च्या रिकाम्या राहतील. काहीही झाकलं नाही. आत स्टोव्ह फुरफुरत होता, तो बंद झाल्याचं मला ऐकू आलं. त्याची बायको दाराच्या आत येऊन उभी राहिली होती.

काकाजी म्हणाले की तू नाही म्हणालास तर मला राग येणार नाही.

ओव्हरसियरने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. आतापर्यंत तो आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलत होता. आता म्हणाला, "काकाजी, मी नाही आलो तं त्यायचं काम सोपं होते. मी येतो. जेवतोबी."

परत येताना काकाजी फक्त एवढंच म्हणाले की हे पोरगं माझ्यापेक्षा घट्ट आहे.

रविवारी मी वेळेच्या आधीच हॉलवर पोचलो. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं होतं, तरी आत भट्टी होती. काकाजी आधीच येऊन व्हरांड्यात फेऱ्या घालत होते, फाटकाकडे पाहत. थोड्या वेळाने ओव्हरसियर सायकलवरून आला. इस्त्रीचा पांढरा सदरा, काखेत कागदांची मोठी गुंडाळी. त्याचा चष्मा घामाने सारखा नाकावर घसरत होता आणि तो सारखा वर करत होता. माझ्या खिशात लहान पेचकस नेहमी असतो. मी चष्मा मागून घेतला, दोन्ही दांड्यांचे स्क्रू आवळून दिले. मला तेवढंच करता येण्यासारखं होतं. तो परत घेताना त्याची बोटं गार लागली.

हळूहळू मंडळी यायला लागली. तरुण डॉक्टर आले, जिनिंगवाले आले, शेंदूरजनाघाटचे एक बागाइतदार सभासद होते ते आले. येतील की नाही अशी शंका असलेलेही दोघंतिघं आले, काहीजण खरंच आले नाहीत. जेवायला बसायची वेळ झाली. ओव्हरसियर मधल्या टेबलाशी बसला, त्याच्या उजवीकडे मी. डावीकडची खुर्ची रिकामी. येणारा प्रत्येकजण त्या खुर्चीकडे पाहायचा आणि पुढे जाऊन दुसरीकडे बसायचा. कोणाच्या मनात काय होतं देव जाणे. काकाजी पलीकडे उभे होते, त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. आता ते स्वतः येऊन बसणार असं मला दिसलं.

तेवढ्यात अध्यक्ष त्यांच्या ठरलेल्या जागेवरून उठले. त्यांची खुर्ची टेबलाच्या टोकाला असे, हार घातलेल्या तसबिरीखाली. ते चालत आले, ती रिकामी खुर्ची ओढली, बसले, आणि वाढणाऱ्या महाराजांना म्हणाले की इकडे आधी वांग्याची भाजी आणा, भूक लागली आहे. मग ओव्हरसियरकडे वळून त्यांनी विचारलं की बाळापूरला यंदा पाणी कसं आहे. आणि ते जेवले, मागून घेऊन जेवले.

जेवण अर्धं झालं असताना वकीलसाहेब आले. काठी टेकत, उशीर झाल्याबद्दल कोणाशी काही न बोलता, दाराजवळ बसले. पोट बरं नाही म्हणाले आणि फक्त ताक घेतलं. कोणी आग्रह केला नाही. ताक घेतलं हेही त्या दिवशी आम्हाला पुष्कळ वाटलं.

काकाजींनी ओळख करून दिली. "हे ओव्हरसियर. ह्यायचा बांध गळून राहिला. ऐका."

लोक सावरून बसले. मला स्पष्ट दिसत होतं की बांध वगैरे ठीक आहे, पण हा आता आपल्याला ऐकवणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. वकीलसाहेबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले होते. ओव्हरसियरने भिंतीवर नकाशा टांगला, घसा साफ केला, आणि मातीच्या बांधावर बोलायला सुरुवात केली. बांधाच्या पोटात काळी माती का भरतात. बाहेरून मुरूम का लागतो. माती थरांनी कशी दाबायची. पाझर कुठे धरतो. तो हळू आवाजात, नकाशाकडे तोंड करून, एका सुरात बोलत होता. एक नकाशा संपला की तो उतरवून काळजीपूर्वक गुंडाळायचा आणि दुसरा टांगायचा.

सांगायला वाईट वाटतं, पण ते भाषण अतिशय कंटाळवाणं झालं.

आधी डॉक्टर पेंगले. मग जिनिंगवाल्यांपैकी दोघं. वांग्याची भाजी, एप्रिलची दुपार आणि वाळ्याचा ओला वास. वकीलसाहेबांची हनुवटी छातीवर आली, हात काठीवरून सुटले आणि ते चक्क घोरायला लागले. अध्यक्ष डोळे उघडे ठेवून झोपले होते, तशी त्यांना सवय होती. फक्त बागाइतदार जागे होते. त्यांच्या बागेच्या खालच्या अंगाला बांध होता, तो दर पावसाळ्यात फुटायचा. ते पुढे वाकून ऐकत होते आणि त्यांनी मध्येच दोन प्रश्नही विचारले. त्या दोन प्रश्नांना उत्तर देताना मात्र ओव्हरसियर नकाशा सोडून माणसाकडे पाहून बोलला.

वेळ झाली. अजून बरेच नकाशे टांगायचे राहिले होते. काकाजींनी त्याचा सदरा मागून ओढला.

टाळ्यांनी मंडळी जागी झाली. कोणीतरी आभार मानले. लोक जांभया देत, चपला शोधत बाहेर पडले. बागाइतदारांनी ओव्हरसियरचा पत्ता विचारून घेतला आणि पावसाळ्याआधी एकदा येऊन बांध पाहून जा म्हणाले. बस. कोणी काही ऐकवलं नाही, कोणी काही सोसलं नाही, कोणाचं मतपरिवर्तन झालं असंही मला दिसलं नाही.

सायकल जीपच्या मागे टाकून आम्ही ओव्हरसियरला घरी सोडायला निघालो. रस्त्यावरच्या उसाच्या गुऱ्हाळाशी काकाजींनी जीप थांबवली. ते इतके खुशीत होते की त्यांनी न विचारता रस मागवला. ओव्हरसियर पेला हातात धरून बसला होता. शेवटी त्याने विचारलं की भाषण कसं झालं.

काकाजींना खोटं येत नव्हतं.

"लय कंटाळवाणं झालं," काकाजी म्हणाले. "सारे झोपले. वकीलसाहेब तं घोरले."

ओव्हरसियरचा चेहरा पडला. काकाजींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग जे ते बोलले, ते मी त्यांच्याकडून पुन्हा कधी ऐकलं नाही. ते म्हणाले की आठवडाभर मला तुझी भीती वाटत होती. लोक येणार नाहीत याची होतीच, पण त्याच्याहून जास्त भीती वेगळी होती. तू फार उत्तम बोलशील याची. तू उत्तम बोलला असतास तर हेच लोक दारात उभे राहून म्हणाले असते, पाहा, त्यांच्यातलाही कसा हुशार निघाला. मग तू आमच्यासाठी एक नवल होऊन बसला असतास, त्या सर्कशीतल्या वाघासारखा. दर वेळी तुला नवल व्हावं लागलं असतं.

"आज ते तुह्यासमोर झोपले," काकाजी म्हणाले. "जसे डॉक्टरासमोर झोपतात, जसे प्रोफेसरासमोर झोपतात. तुह्यापासून कोणाले भेव नाही वाटलं, तवाच तं झोप लागली."

ओव्हरसियरला हसू फुटलं. आधी नाकातून, मग तो पेला खाली ठेवून, चष्मा काढून, डोळे पुसत हसला. त्याचं पाहून मी हसलो, गुऱ्हाळवाला काही कळलं नसताना हसला. त्याला स्वतःलाही माहीत होतं म्हणे. दुसऱ्या नकाशालाच त्याला कळलं होतं की हे जमत नाही, पण थांबावं कसं ते कळेना. सबंध आठवडा त्याला रात्री धड झोप लागली नव्हती. लोक काय काय विचारतील आणि त्याला आपण काय काय उत्तरं देऊ, याची तो अंधारात पडून तयारी करत होता. ती सगळी उत्तरं तशीच राहिली.

रस पिऊन आम्ही निघालो. शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी शेतं लागली. मी मागे सायकलीशेजारी बसलो होतो. थोड्या वेळाने पाहिलं तर पुढच्या सीटवर ओव्हरसियरची मान एका बाजूला कलली होती. त्याला गाढ झोप लागली होती. नकाशांची गुंडाळी मांडीवरून घसरत होती, ती काकाजींनी एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने जीप चालवायला लागले. खड्डा दिसला की ते गाडी जवळजवळ थांबवायचे आणि बाजूने काढायचे. मागून येणाऱ्या बैलगाडीने आम्हाला गाठलं, तरी त्यांनी वेग वाढवला नाही.

क्वार्टरसमोर कडुनिंबाखाली त्यांनी इंजिन बंद केलं. त्याला उठवावं की नाही, अशा विचारात आम्ही दोघं बसून राहिलो. जीपचा आवाज ऐकून त्याची बायको धावत बाहेर आली. ती बहुधा सकाळपासून दाराशीच असावी. नवरा सीटवर मान टाकून पडलेला दिसला, तशी ती जागच्या जागी थबकली. पदराचं टोक तिने तोंडाशी धरलं आणि काय झालं म्हणून विचारलं.

काकाजी जीपमधून उतरले. नकाशांची गुंडाळी त्यांनी तिच्या हातात दिली.

"काही नाही झालं, बाई," ते हळूच म्हणाले. "काहीच नाही झालं. झोपू दे त्याले."